पाल्याच्या औषधात निकोटीन

रिपोर्ट आला तेव्हा मी ऑफिसच्या किचनमध्ये डबा गरम करत उभी होते. फोनवर ईमेल उघडली. वरपासून खालपर्यंत रसायनांची ही एवढी मोठी यादी आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: आढळलं नाही. मी खूश होत खाली खाली सरकत होते. मग मध्येच एका ओळीत ठळक अक्षरांत निकोटीन, त्यापुढे एक आकडा, आणि त्याच्यापुढे "मर्यादेपेक्षा जास्त".

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट आलाय. कॉफीत कॅफीन असतं एवढं मला ठाऊक होतं. निकोटीन सिगारेटमध्ये असतं ना? पण पाकिटाचा फोटो आमच्याच कॉफीच्या पाकिटाचा, त्यावर ताईचं वळणदार शाळामास्तरी अक्षर. खाली कॉफी भाजून विकणाऱ्या इथल्या रोस्टरीवाल्या बाईंनी एकच ओळ लिहिली होती: हे मला जरा समजावून सांगाल का? घ्या! मी समजावून सांगू? माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. कॉफी मी पीतसुद्धा नाही, पक्की चहावाली बाई मी. मायक्रोवेव्ह वाजून वाजून थांबला आणि मी तशीच उभी.

आता हे सगळं नीट लावून सांगायचं तर दोन वर्षं मागे जायला हवं.

माझी थोरली बहीण आणि भाऊजी चिखलदऱ्याला राहतात. तिथे कॉफी होते हे महाराष्ट्रातल्याच निम्म्या लोकांना खरं वाटत नाही. इथे इंग्लंडात, वॉटफर्डच्या आमच्या गणपतीत कुणाला सांगितलं की लगेच, "कूर्ग म्हणायचंय का तुला?" कूर्ग नाही हो, अमरावती जिल्हा, मेळघाटच्या डोक्यावर! भाऊजींच्या घरची तीन एकर कॉफी आहे, उंच झाडांच्या सावलीत. ताई तिथल्या शाळेत मुख्याध्यापिका होती, आता रिटायर झाली. सगळं गाव तिला "मॅडम" म्हणतं. कधीकधी भाऊजीसुद्धा म्हणतात, पण ते चिडवायला.

त्या कॉफीला एक भुंगेरा लागतो, तिळाहून लहान. फळाच्या टोकाला टाचणीने टोचल्यासारखं भोक पाडतो, आत दाण्यात शिरतो आणि तिथेच अंडी घालतो. बाहेरून फळ लालबुंद आणि आत नुसता भुगा. भाऊजी वर्षानुवर्षं त्यावर दुकानातलं औषध मारायचे. दोन वर्षांपूर्वी फवारता फवारता ते पंपासकट खाली बसले, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. परतवाड्याच्या दवाखान्यात इंजेक्शनावर इंजेक्शनं दिली तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी ते माणसं ओळखू लागले. ताईचा फोन आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. मी तिला पहिल्यांदा रडताना ऐकलं.

आणि मी इथून काय केलं? लेक्चर दिलं. दुसरं काय येतं आम्हाला? "ताई, इकडे लोक ऑर्गॅनिकशिवाय हात लावत नाहीत, आणि तुम्ही अजून विषं कसली मारताय?" ऑर्गॅनिकमधलं मला काय कळतं, तर सुपरमार्केटमध्ये हिरव्या स्टिकरची काकडी महाग असते, एवढंच. पण मी रोज तिला लिंका पाठवायला लागले. निंबोळीचा अर्क, करंजाचं तेल, लसूण-मिरचीचा ठेचा पाण्यात. ताई पडली मास्तरीण. तिने सगळं वहीत उतरवून काढलं, कृषी केंद्रात जाऊन चार माणसांना विचारलं, आणि भाऊजींना पाटावर बसवून सांगितलं की आजपासून तो विषाचा डबा या घरात येणार नाही.

भाऊजी म्हणाले, "दोन हंगाम. दोन हंगामात भुंगेऱ्यानं बाग खाल्ली, त मी पुन्हा डबा आणीन. मंग रडायचं नाही." ताईने कबूल केलं.

त्यानंतरची दोन वर्षं मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. निंबोळ्या वेचून वाळवायच्या, कुटायच्या, रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या, जरासं साबणाचं पाणी घालायचं म्हणजे पानाला धरतं. शिवाय अंगणात एक निळा ड्रम. त्यात कडुनिंब, करंज, सीताफळ, निर्गुडी, एरंड, पपई, रुई, धोतरा वगैरे दहा झाडांचा पाला, शेण आणि गोमूत्र घालून महिनाभर कुजवायचं. ड्रम ढवळायचं काम भाऊजींचं. ढवळताना तोंडाला उपरणं बांधून कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचे, "हे पिऊन भुंगेरा मरते का नाही माहीत नाही, मी मात्र मरतो!" पण ढवळायचे रोज.

भुंगेरा कमी झाला का? झाला. म्हणजे पहिल्या वर्षी झाला. पण त्या वर्षी शेजारच्या बागेतही कमी होता, आणि शेजारी तर दुकानातलंच मारत होता. दुसऱ्या वर्षी खालच्या भागात कमी, वरच्या भागात होता तेवढाच. ताई म्हणे अर्काचा गुण, भाऊजी म्हणत पडलेली फळं आपण वेचून जाळली त्याचा गुण. मी दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि फोन ठेवल्यावर मला काही म्हणजे काही कळलेलं नसायचं.

आमच्या घराजवळ एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक छोटी कॉफी रोस्टरी आहे. ती चालवणाऱ्या बाई इंग्लिश, चाळिशीच्या, बोलायला कमी. रसायन न मारणाऱ्या लहान बागांचीच कॉफी घ्यायची असा त्यांचा नेम. मी एकदा तिथे पाहुण्यांसाठी कॉफी घ्यायला गेले आणि ताईची गोष्ट सांगून बसले. त्या म्हणाल्या, बहिणीला सॅम्पल पाठवू दे, मी प्रयोगशाळेत तपासून घेईन, पास झालं तर पुढच्या हंगामाची सगळी कॉफी घेईन. ताईला फोन करून सांगितलं. मग म्हणाली, "यांना सांगते. सगळी घेणार म्हटल्यावर डब्याचं नावच निघायला नको."

तिने कुरिअरने दोन पाकिटं पाठवली. एकात मशीनमधून निघाले तसे दाणे, फुटके, काळे, भोकाचे, सगळे. दुसऱ्यात तिने स्वतः निवडलेले. आपण तांदूळ निवडतो ना, तसेच तिने ताटात घेऊन एकेक दाणा बोटाने सरकवत निवडले होते. बाया लावल्या नाहीत. "इंग्लंडला जायचंय, माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." सगळा माघ महिना ती कॉलवर माझ्याशी बोलताना मांडीवर ताट घेऊन बसलेली असायची. रोस्टरीवाल्या बाईंनी दोन्ही पाकिटं मागितली होती. मी निवडलेलं तेवढं नेऊन दिलं. दुसरं कपाटात ढकललं. भोकं पडलेले दाणे इंग्लिश बाईला दाखवायची मला लाज वाटली, खरं सांगते.

तर असा तो रिपोर्ट. आणि तो आला तेव्हा ताई आमच्याच घरी होती, जूनमध्ये महिनाभरासाठी आली होती. संध्याकाळी मी तिला लॅपटॉपवर दाखवला. तिने चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून वाचत गेली, आणि निकोटीनवर बोट थांबलं. "हे कसं होईल?" म्हणाली. मग चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाली, "मी भाजी चिरायला घेते." मला वाटलं, धक्का बसलाय बिचारीला.

मी मात्र हात धुऊन त्याच्या मागे लागले. वाचत बसले आणि जितकं वाचलं तितका गोंधळ वाढत गेला. निकोटीन हेच म्हणे जुनं कीटकनाशक! तंबाखूचा काढा करून पिकांवर मारायचे. आता बंदी आहे, कारण ते भलतंच जहाल. म्हणजे झाडापासून आलेलं औषध म्हणजे गरीब, ही माझी समजूत पहिल्याच पानावर गेली. धोतरा तर विषारी आहेच, पण भाऊजींना दवाखान्यात ज्या इंजेक्शनाने वाचवलं ते औषध धोतऱ्यातही असतं. आणि कहर म्हणजे कॅफीन! ते कॉफीचं झाड स्वतःच किड्यांना दूर ठेवायला बनवतं. अख्खं जग रोज सकाळी उठून कीटकनाशक पितंय आणि ते कॉफीत राहिलं तर चालतं, निकोटीन राहिलं तर नाही. हा भुंगेरा तेवढा कॅफीन पचवून वर ढेकर देतो. बरं, मग विष कुठलं आणि औषध कुठलं? कप्पाळ माझं!

पण एक गोष्ट सापडली. पाल्याच्या अर्कात काही जण तंबाखूही घालतात. मला वाटलं, सापडला बग! ड्रम कोण ढवळतं? भाऊजी. ताईला न सांगता मूठभर तंबाखू कोण टाकेल? भाऊजी. दुसऱ्याच्या चुका शोधून नम्रपणे कळवणे हाच माझा पगाराचा धंदा आहे. शनिवारी सकाळी मी फोन लावला, स्पीकरवर. ताई शेजारी बसली होती.

"भाऊजी, ड्रममध्ये तंबाखू टाकला होता का हो तुम्ही?"

"तंबाखू? मी कायले टाकू तंबाखू?"

"नाही, कुणी सांगितलं असेल, जोर येतो म्हणून..."

"अवो बाई, वहीत दहा पाले लिहिले, ते दहा टाकले. अकरावा नाही."

मी ताईकडे पाहिलं. ती म्हणेल, नाही गं, ते असं करणार नाहीत, असं मला वाटलं. ती टेबलाकडे बघत होती. मग फोनकडे वाकून म्हणाली, "अहो, आठवून बघा. खरं सांगा."

मग भाऊजींचा आवाज बदललेला. "मॅडमच असं म्हणून राहिल्या, त मंग राहू द्या. तुमच्या मशीनले माह्यापेक्षा जास्त समजते. फवारणीचे दिवस आले, बुधवारी मी परतवाड्याले जातो अन् डबा आणतो." फोन बंद.

मला इतका राग आला! पडलेला माणूस, मरता मरता वाचलेला, आणि पुन्हा तोच डबा आणायची धमकी देतो? मी ताईला म्हटलं, "बघितलंस? चोरी पकडली की कसा तोरा!" ती उठून वर गेली.

रविवारी माझी मुलगी घरी होती. ती लंडनमध्ये नोकरी करते, वीकएंडला येते. तिची मराठी इथेच जन्मलेल्या मुलांची असते तशी. जिन्यावरून ओरडली, "आई, बाथरूमच्या बेसिनमध्ये काय काळा घाण आहे? स्मेल पण करतो!" ताई खालून लगबगीने म्हणाली, "माझं मंजन आहे गं बाळा, मी पुसते." पण मी आधी पोचले. स्पंज घेतला, नळ सोडला, आणि वास आला.

तो वास मी ओळखते. अमरावतीला होस्टेलमध्ये स्वयंपाकाच्या मावशी होत्या, त्या दुपारी पायरीवर बसून हिरड्यांना बोटाने मिश्री लावायच्या. तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजायचा, त्याची पूड, ती मिश्री. मी स्पंज हातात धरून उभी राहिले. ताई आणि मिश्री? आमची ताई? जिच्या शाळेच्या भिंतीवर "तंबाखूमुक्त शाळा" असं दोन फूट अक्षरांत लिहिलंय? पण लगेच दुसरं काहीतरी डोळ्यांसमोर आलं. मांडीवर ताट, आणि दाणे सरकवणारं बोट.

मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि कमोडच्या झाकणावर बसले. हे शक्य आहे का? बोटाला लागलेली चिमूटभर पूड, आणि प्रयोगशाळेत पकडली जाईल? ती दिवसातून किती वेळा लावते? एवढ्या कॉफीत बोटाचं निकोटीन म्हणजे समुद्रात खसखस. पण प्रयोगशाळा शोधते तेच मुळी इतकं कमी की... मी गणित करायला घेतलं आणि सोडून दिलं. मला काहीच माहीत नव्हतं.

दुपारी मुलगी गेल्यावर मागच्या बागेत ताईला गाठलं. ती दोरीवरचे कपडे उगाच सारखे करत होती.

"ताई, मंजन कसलं आहे?"

"त्रिफळा असतं त्यात. लवंग..."

"ताई."

तिने हातातला टॉवेल दोरीवर टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. "तीस वर्षं झाली," म्हणाली. जनगणनेच्या ड्यूटीवर वरच्या पाड्यात गेली होती, दाढ असह्य दुखत होती. तिथल्या बायांनी चिमूटभर दिली, लावली आणि दुखणं थांबलं. मग दुसऱ्या दिवशी लावली, तिसऱ्या दिवशी. दाढ पुढे काढून टाकली, मिश्री राहिली. "शाळेत मुलांना ओळीत उभं करून शपथ द्यायचे. उजवा हात पुढे, मी तंबाखू खाणार नाही. मुलं माझ्यामागे म्हणायची. मधल्या सुट्टीत स्टोअररूममध्ये जाऊन..." पुढचं तिने गिळलं. "यांनासुद्धा माहीत नाही गं. मंजन म्हणूनच माहीत आहे. यांचं नाक गेलंय ना त्या औषधाने, त्या ड्रमसारखं उग्र असेल तरच वास कळतो."

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. वेगळंच काहीतरी वर आलं. "थांब. रिपोर्ट वाचलास तेव्हाच तुला कळलं होतं?"

तिने टॉवेल पुन्हा दोरीवरून काढला.

"ताई, तुला कळलं होतं आणि तू भाऊजींना म्हणालीस, खरं सांगा?"

"मला नक्की कुठे माहीत होतं? माझ्यामुळे असेल, नसेलही. पाल्यातूनही आलं असेल." आणि मग एकदम माझ्यावरच उसळली. "तूच तर फोन लावलास! तूच म्हणालीस तंबाखू त्यांनी टाकला! मला बोलायला जागा ठेवलीस का तू?"

हेही खरंच होतं. आम्ही दोघी साठीच्या नि पन्नाशीच्या बाया, लेस्टरच्या देशी दुकानातून आणून उन्हात ठेवलेल्या पापडांच्या ट्रेसमोर, शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना ऐकू जाईल अशा आवाजात भांडलो. आजोबांनी कुंपणावरून डोकावून "एव्हरीथिंग ऑलराइट?" विचारलं. "येस येस, सिस्टर," मी म्हटलं. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली. कपाटातलं दुसरं पाकीट काढलं. त्या दाण्यांना ताईचं बोट लागलेलं नव्हतं. अर्क तोच, बाग तीच, हात नाही. आम्ही रोस्टरीत गेलो. मी आधी रस्त्यात ठरवलं होतं की "हँडलिंगमध्ये काही कंटॅमिनेशन" असं गुळमुळीत बोलायचं. पण ताई पुढे झाली. तिच्या शाळेच्या इंग्लिशमध्ये, एकेक शब्द पायरी उतरावी तसा उतरत, म्हणाली, मी तंबाखू दातांना लावते, या बोटाने. आणि याच बोटाने मी कॉफी निवडली. आणि बोट वर करून दाखवलं.

मला जमिनीत जावंसं वाटलं. बाई हसल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. विचारलं, किती दिवस निवडत होता? हात धुवायचा का? ताईने उत्तरं दिली. मी पाकीट पुढे केलं आणि हे आधीच द्यायला हवं होतं, असं म्हटलं. बाईंनी भोकाचे दाणे हातावर घेऊन पाहिले. म्हणाल्या, हे तपासायला पाठवते. पण हेच कारण आहे असं मी म्हणू शकत नाही, आणि नाही असंही म्हणू शकत नाही. दहा दिवस लागतील.

दहा दिवस! आणि भाऊजी बुधवारी निघणार. मी गाडीत बसताच म्हटलं, "आता घरी जाऊन लगेच फोन कर."

ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रिपोर्ट येऊ दे ना आधी. त्यातही निघालं तर माझ्यामुळे नाहीच मुळी. मग उगाच कशाला सांगून..."

"आणि तोवर ते डबा आणून फवारून मोकळे झाले तर?"

"नाही आणणार. नुसतं बोलतात."

मी गाडी सुरूच केली नाही काही वेळ. ती चुकीचं बोलत होती असंही मला धड म्हणता येईना. खरंच, दुसऱ्यातही निघालं तर? विनाकारण तीस वर्षांचं झाकलेलं उघडं पडेल. तिची अब्रू म्हणजे सगळ्या गावातली तिची एकुलती एक कमाई. मला त्या वेळी कुणाच्या बाजूने भांडावं तेच कळेना.

तो दुसरा रिपोर्ट आला तो पुढे दोन आठवड्यांनी, पण आताच सांगून टाकते. त्यातही निकोटीन होतं. अगदी थोडं, मर्यादेच्या आत. आता ते कुठून आलं? मशीनवरच्या गड्याच्या हातातून, पोत्यातून, मातीतून, की काही झाडांतच आपोआप असतं म्हणतात तसं? रोस्टरीवाल्या बाईंनाही सांगता आलं नाही. त्यांनी कॉफी घ्यायचं कबूल केलं, निवडताना हातमोजे घालायच्या अटीवर. पण ताईच्या बोटामुळेच झालं का, याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. अर्क भुंगेऱ्याला खरंच आवरतो का, याचंही नाही.

मंगळवारी ताईने फोन केला नाही. दिवसभर घर घासत होती. माझा ओव्हन इतका स्वच्छ मी विकत घेतला तेव्हाही नव्हता.

बुधवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत खाली आले तर ती किचनमध्ये उभी, अंगावर माझं कार्डिगन, फोन ओट्यावर ठेवलेला. म्हणाली, "तू थांब इथेच. स्पीकरवर लावते. एकटीने होणार नाही." आणि मी काही बोलायच्या आत नंबर लावला.

भाऊजींनी उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी शेंगा विकत होतं. "मी स्टँडवर हाव," ते म्हणाले. "परतवाड्याची गाडी लागतेच आता. बोल."

"अहो, तुम्ही तंबाखू टाकला नव्हता."

"मी तेच त सांगून राहिलो होतो."

"माझ्या हाताचा आहे तो. म्हणजे असेल. मी मिश्री लावते. ते मंजन नाही. मिश्री आहे. लग्नानंतर चार-पाच वर्षांपासून. त्याच हाताने मी दाणे निवडले." तिने हे सगळं एका दमात म्हटलं, वर्गात कुणी पाठ म्हणावा तसं, आणि दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली.

मला वाटलं, आता भडकतील. भडकायलाच हवं होतं. मी असते तर भडकले असते. तीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाला फसवलं, वर चोर ठरवलं!

"मिश्री," ते म्हणाले.

"हो."

"बरं झालं सांगितलं." त्यांनी मोठा श्वास सोडलेला ऐकू आला. "मी त चार दिवस आठवून राहिलो. ड्रममध्ये काय काय टाकलं, कोणत्या दिवशी टाकलं. वही काढली, पुन्हा वाचली. शेजाऱ्यालेबी विचारून आलो, की बाबा, तुह्या हातानं काही पडलं का माह्या ड्रमात? मंग मले वाटलं, आपणच टाकला असन अन् आपल्याले आठवत नसन. त्या औषधापासून डोकं असंच झालं, असं समजलो मी."

"अहो, असं कसं समजलात तुम्ही?" ताईचा आवाज फुटला. "तुम्ही नाही टाकलं हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं. पण तू म्हणाली ना, खरं सांगा. तू त कधी खोटं बोलत नाही."

ताईने तोंडावर हात धरला. मी पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. मग हात काढून ती फोनकडे वाकली.

"बोलते हो मी," ती म्हणाली. "बोलले. तुमच्याशीच बोलले."

कंडक्टरने परतवाडा, परतवाडा म्हणून दोन-तीनदा पुकारलं, घंटी दिली, इंजिनाचा मोठा आवाज जवळ आला आणि लांब गेला. आम्ही दोघी फोनकडे बघत उभ्या होतो.

"हॅलो? अहो?"

"हाव इथंच," भाऊजी म्हणाले. "जाऊ देली मी गाडी."